रात्र कशी गेली, हे कुणी विचारायचं?

संधिवाताचा रुग्ण तपासणीला जातो तेव्हा डॉक्टर त्याच्या बोटांची पेरं दाबून पाहतात, मनगट वळवून पाहतात, गुडघ्यावर सूज आहे का ते बघतात. रक्ताचा रिपोर्ट वाचतात, सूज दाखवणारा ईएसआर चढला की उतरला ते सांगतात. सकाळी सांधे किती वेळ आखडलेले असतात, हेही विचारतात. गोळ्या कमी-जास्त होतात, पुढची तारीख मिळते. या सगळ्यात रात्रीचे सात-आठ तास कुठेच येत नाहीत. रुग्णही ते सांगत नाही. दुखणं आहे म्हटल्यावर झोप मोडणारच, त्यात सांगण्यासारखं काय, असं त्याला वाटतं. दुखणं उतरलं की झोप आपसूक येईल, असं डॉक्टरांनी धरलेलं असतं. दोघांचं हे न बोलता झालेलं एकमत मला घातक वाटतं.

घातक अशासाठी की त्यातलं गृहीतच अर्धवट आहे. दुखण्यामुळे झोप मोडते हे खरं, पण मोडलेली झोप उलट दुखणं वाढवते, थकवा वाढवते आणि सोसण्याची ताकद कमी करते, हेही तितकंच खरं आहे. गेल्या पन्नास वर्षांतल्या संशोधनाने ते पुरेसं दाखवून दिलं आहे. म्हणून माझा आग्रह आहे की सूज आणि दुखणं यांच्या बरोबरीने झोपही प्रत्येक भेटीत विचारली जावी, केसपेपरवर लिहिली जावी आणि गरज असेल तिथे तिच्यावर स्वतंत्र उपचार व्हावेत.

संधिवात हे एका आजाराचं नाव नाही. सांध्यातली कूर्चा झिजून होणारा गुडघ्याचा त्रास त्यात येतो. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटल्यामुळे होणारा रूमॅटॉइड संधिवात येतो, ज्याला आपल्याकडे बरेच जण आमवात म्हणतात. तरुण वयात पाठीचा कणा ताठ करत नेणारा अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, ल्युपस, तोंड आणि डोळे कोरडे पाडणारा शोग्रेन, युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात साचून होणारा गाऊट, सांध्यांना सूज नसतानाही सर्वांग दुखवणारा फायब्रोमायॅल्जिया, हे सगळे याच विभागात मोडतात. प्रत्येकाची कारणं वेगळी, औषधं वेगळी. पण यातल्या बहुतेकांचे रुग्ण एक तक्रार सारखीच करतात: डोळ्याला डोळा लागत नाही, आणि लागला तरी सकाळी झोप झाल्यासारखं वाटत नाही.

या आजारांचं रात्रीशी असलेलं नातं वैद्यकाला नवीन नाही. थॉमस सिडनहॅम या इंग्रज वैद्याने १६८३ मध्ये गाऊटवर लिहिलेल्या ग्रंथात त्याचं वर्णन केलं आहे. माणूस चांगला धडधाकट झोपी जातो आणि रात्री दोनच्या सुमारास पायाच्या अंगठ्यातल्या कळेने जागा होतो, असं ते वर्णन. सिडनहॅम स्वतः गाऊटचा रुग्ण होता, त्यामुळे त्या ओळींमागे ऐकीव माहिती नव्हती. सव्वातीनशे वर्षांनी, २०१५ मध्ये, अमेरिकेतल्या संशोधकांनी गाऊटच्या शेकडो रुग्णांचे झटके वेळेनुसार मोजले. मध्यरात्र ते सकाळी आठ या वेळात झटका येण्याची शक्यता दिवसाच्या मानाने सुमारे २.४ पट निघाली. सिडनहॅमचं घड्याळ बरोबर चालत होतं.

रूमॅटॉइड संधिवातातही हेच दिसतं, आणि तिथे त्याचं कारण अधिक स्पष्ट झालं आहे. इंटरल्युकिन-६ नावाचं रसायन सूज पेटती ठेवतं. या रुग्णांच्या रक्तात ते पहाटेच्या सुमारास वाढतं आणि दुपारनंतर उतरतं. सूज आवरणारं कॉर्टिसोल हे शरीराचं स्वतःचं संप्रेरक मध्यरात्रीच्या आसपास सगळ्यात कमी असतं. ते पहाटे वाढू लागतं, पण या रुग्णांमध्ये पेटलेल्या सुजेला पुरेल इतकं वाढत नाही. सकाळी मूठ वळत नाही, कपबशी धरवत नाही, जिना उतरताना कठड्याला दोन्ही हातांनी धरावं लागतं, त्याची तयारी रात्री दोन-तीन वाजल्यापासून शरीरात चाललेली असते. २००८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. २८८ रुग्णांपैकी काहींना प्रेडनिसोन हे स्टिरॉइड नेहमीप्रमाणे सकाळी दिलं. बाकीच्यांना तेच औषध अशा गोळीतून दिलं, जी निजताना घ्यायची आणि जी चार तासांनी पोटात विरघळते. दुसऱ्या गटातल्या लोकांचे सांधे सकाळी आखडून राहण्याचा वेळ स्पष्टपणे जास्त घटला. औषध तेच होतं, फक्त त्याची वेळ आजाराच्या वेळेशी जुळवलेली होती.

अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसमध्ये तर रात्र ही निदानाची खूण आहे. साधी कंबरदुखी विश्रांतीने उतरते. या आजारातली कंबर विश्रांतीने जास्त दुखते, रात्रीच्या उत्तरार्धात झोपेतून उठवते आणि उठून थोडं चाललं की हलकी होते. पंचविशीतला मुलगा रोज पहाटे तीन वाजता उठून अंगणात फेऱ्या मारत असेल, तर तेवढी एक गोष्ट नीट ऐकून घेतली तरी जाणत्या डॉक्टरचे कान टवकारतात. प्रत्यक्षात या आजाराचं निदान व्हायला रुग्णाची अनेक वर्षं जातात. गादी बदलून बघ, वजन उचलू नकोस, मोबाईल कमी कर, असे सल्ले मिळत राहतात आणि तोवर मणके जुळत जातात. हा उशीर होण्याची कारणं पुष्कळ आहेत, आणि रात्र कशी जाते हे कुणी न विचारणं हे त्यातलंच एक.

इथपर्यंतचं सगळं ‘आजारामुळे झोप मोडते’ या बाजूचं झालं. दुसरी बाजू समजून घ्यायला १९७५ साली टोरांटोत झालेल्या एका प्रयोगाकडे जावं लागतं. हार्वी मोल्डॉफ्स्की आणि ह्यू स्माइथ हे, ज्याला आज फायब्रोमायॅल्जिया म्हणतात त्या आजाराच्या रुग्णांच्या झोपेचा मेंदूच्या आलेखावरून अभ्यास करत होते. गाढ झोपेतल्या संथ लहरींमध्ये जागेपणीच्या लहरी घुसलेल्या त्यांना दिसल्या. मग त्यांनी काही निरोगी तरुणांना प्रयोगशाळेत झोपवलं आणि ते गाढ झोपेत शिरले की आवाज करून ती झोप विस्कटली. काही रात्रींनंतर त्या धडधाकट तरुणांचे स्नायू दाबल्यावर दुखू लागले, अंग मोडून आल्यासारखं त्यांना वाटू लागलं. सलग झोप मिळाल्यावर तो त्रास ओसरला. प्रयोग लहान होता, पण कार्यकारणाचा क्रम उलटाही असू शकतो हे त्याने दाखवलं.

पुढच्या अभ्यासांनी त्यात मोलाची भर घातली. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात २००७ मध्ये निरोगी स्त्रियांवर झालेला प्रयोग मला सगळ्यात बोलका वाटतो. एका गटाला रात्रीतून वारंवार उठवलं. दुसऱ्या गटाला उशिरा झोपू दिलं, म्हणजे एकूण झोप तितकीच कमी मिळाली, पण मिळाली ती सलग. आपल्या शरीरात वेदना दाबून ठेवणारी एक अंगभूत यंत्रणा असते. वारंवार उठवलेल्या गटात ती यंत्रणा दुबळी झाली आणि काही कारण नसताना अंग दुखू लागलं. सलग पण कमी झोपलेल्या गटात तसं झालं नाही. संधिवाताच्या रुग्णाची झोप नेमकी पहिल्या प्रकारची असते. कूस बदलली की खांद्यातून कळ जाते, जाग येते. पाय लांब केला की गुडघा ठणकतो, जाग येते. ‘अहो, आठ तास तर अंथरुणात होता,’ असं घरचे म्हणतात, पण त्या आठ तासांचे किती तुकडे झाले हे कुणाला ठाऊक नसतं.

खुद्द संधिवाताच्या रुग्णांवरचा पुरावाही आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत मायकेल अर्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये रूमॅटॉइड संधिवाताचे २७ रुग्ण आणि तितकेच निरोगी लोक घेतले. सगळ्यांना एकच रात्र अकरा ते तीन या वेळात जागं ठेवलं. दुसऱ्या दिवशी रुग्णांची वेदना, थकवा, उदासी हे सगळं वाढलं, आणि दुखणाऱ्या सांध्यांची संख्याही वाढली. निरोगी लोकांमध्ये असा बदल दिसला नाही. नॉर्वेमध्ये त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बारा हजारांहून अधिक स्त्रियांच्या सुमारे दहा वर्षांच्या नोंदी तपासल्या होत्या. सुरुवातीला सर्वांगदुखी नव्हती, पण झोपेची तक्रार नेहमीची होती, अशा स्त्रियांना पुढे फायब्रोमायॅल्जिया होण्याचं प्रमाण झोप चांगली असलेल्या स्त्रियांच्या तिपटीहून जास्त होतं. झोप आधी बिघडली आणि दुखणं मागून आलं.

म्हणजे हे दोन्ही बाजूंनी चालणारं चक्र आहे. सूज झोप मोडते, मोडलेली झोप वेदनेला धार लावते, वाढलेली वेदना पुढची रात्र खाते. असं चक्र एकाच जागी तोडायचा प्रयत्न करत राहणं आणि दुसऱ्या जागेला हातही न लावणं, याला मी अपुरे उपचार म्हणेन.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. संधिवाततज्ज्ञ म्हणतील की आमचं पहिलं काम सांधा वाचवण्याचं आहे. सूज वेळेत आवरली नाही तर बोटं वाकडी होतात आणि ती पुन्हा सरळ होत नाहीत. झोप आज मोडली तर उद्या भरून काढता येते. शिवाय सूज आवरणारी औषधं नीट दिली की बहुतेकांची झोप सुधारते. यातलं प्रत्येक विधान मला मान्य आहे. रूमॅटॉइड संधिवातासाठी मेथोट्रेक्सेटला अमेरिकेत १९८८ मध्ये मान्यता मिळाली, १९९८ मध्ये पहिलं जैविक औषध आलं, आणि त्यानंतर या रुग्णांचं आयुष्य खरोखर बदललं. व्हीलचेअरवर गेलेल्या मागच्या पिढ्यांची आठवण असणारा कुणीही या औषधांना कमी लेखणार नाही. झोपेसाठी ही औषधं लांबवावीत किंवा टाळावीत, असं सुचवणंसुद्धा चूक ठरेल.

पण याच यशामुळे प्रश्न पुढे सरकला आहे. सांधा वाचेल का, ही चिंता होती तेव्हा झोपेबद्दल विचारणं चैनीचं वाटलं असेल. आता सांधा वाचतो. वाचलेल्या सांध्यांसह माणूस जगतो कसा, हे विचारण्याची वेळ आली आहे. सूज उतरल्यावरही काहींची झोप परत येत नाही, कारण वर्षानुवर्षांच्या जागरणाने शरीराला न झोपण्याची सवय लागलेली असते. अंथरुणाला पाठ टेकली की आज तरी लागेल का, ही धास्ती सुरू होते आणि ती धास्तीच जागं ठेवते. ईएसआर उतरला म्हणून ही धास्ती उतरत नाही.

शिवाय जागरणाचं कारण दर वेळी वेदनाच असतं असंही नाही, आणि विचारायला हवं ते मुख्यतः यासाठी. स्टिरॉइडची गोळी संध्याकाळी घेतली तर काही जणांना रात्रभर टक्क जाग राहते. काहींना हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या संधिवातावरच्या औषधाने विचित्र स्वप्नं पडतात. शोग्रेनच्या रुग्णाचं तोंड कोरडं पडतं, ती रात्री पाणी पीत राहते आणि मग लघवीसाठी उठत राहते. रक्तातलं लोह कमी असेल तर पाय स्वस्थ राहत नाहीत, ते हलवल्याशिवाय चैन पडत नाही. जबड्याच्या सांध्यात आजार शिरला, मान बिघडली किंवा स्टिरॉइडने वजन वाढलं, तर झोपेत श्वास अडकतो. असा माणूस घोरतो, गुदमरून जागा होतो आणि दिवसभर पेंगतो. उदासी आणि चिंता पहाटे लवकर जाग आणतात. या प्रत्येक कारणावर वेगळा उपाय आहे: गोळीची वेळ बदलणं, लोहाची तपासणी, श्वासाची तपासणी, मानसोपचार. विचारलंच नाही तर हे सगळे एकाच पोत्यात भरले जातात आणि वर ‘दुखण्यामुळे झोप नाही’ अशी चिठ्ठी लागते.

विचारलं का जात नाही? डॉक्टरांना कळकळ नसते असं मुळीच नाही. वैद्यकात जे मोजलं जातं त्याच्यावर उपचार होतात, आणि झोप मोजायच्या यादीत फार काळ नव्हतीच. रूमॅटॉइड संधिवाताची तीव्रता ठरवणारी डीएएस-२८ ही मोजपट्टी २८ सांधे तपासते, त्यात झोपेचा प्रश्न नाही. स्टॅनफर्डमध्ये १९८० मध्ये तयार झालेली एचएक्यू ही प्रश्नावली रुग्णाला पलंगावर चढता-उतरता येतं का हे विचारते. पलंगावर गेल्यावर झोप लागते का, हे विचारत नाही. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिससाठी १९९४ मध्ये इंग्लंडमधल्या बाथ शहरात बनलेल्या बीएएसडीएआय या मोजपट्टीत सहा प्रश्न आहेत, आणि रात्री छळणाऱ्या या आजाराच्या त्या सहा प्रश्नांतही झोप नाही. या मोजपट्ट्यांनी औषधांची तुलना शक्य केली, हे त्यांचं ऋण आहेच. पण त्या सगळ्या तपासणाऱ्याच्या बाजूने आखलेल्या होत्या.

ओमेरॅक्ट ही संधिवाताच्या संशोधनात काय मोजावं हे ठरवणारी आंतरराष्ट्रीय परिषद आहे. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियात भरलेल्या तिच्या बैठकीत रुग्णांना पहिल्यांदा बरोबरीने बसवण्यात आलं. तुमच्या दृष्टीने काय सुधारलं म्हणजे बरं वाटतं, असं विचारल्यावर ज्या गोष्टी पुढे आल्या त्यात थकवा आणि मोडलेली झोप होती. त्यानंतर युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेच्या पुढाकाराने ‘रेड’ ही मोजपट्टी तयार झाली. आजाराचा आयुष्यावर होणारा परिणाम ती सात बाबींतून मोजते, आणि त्या बाबी व त्यांचं वजन ठरवताना रुग्णांचं मत घेतलं गेलं. त्यात वेदनेला २१ टक्के आणि झोपेला १२ टक्के वजन मिळालं. रुग्णाला विचारलं की झोप यादीत येते आणि न विचारता यादी केली की ती गळते, एवढं यातून स्पष्ट होतं. आपल्या दवाखान्यांत आजही बहुतेक ठिकाणी न विचारता केलेलीच यादी चालते.

आपल्याकडे या प्रश्नाचा आवाका किती मोठा आहे याची कल्पना महाराष्ट्रातल्याच एका गावाने दिली. पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यातल्या भिगवणमध्ये १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकाराने, जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागातल्या कॉपकॉर्ड या उपक्रमाखाली घरोघर पाहणी झाली. प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना सांधे-स्नायूंच्या दुखण्याची तक्रार होती, आणि रूमॅटॉइड संधिवात सुमारे अर्धा टक्का प्रौढांमध्ये आढळला. अर्धा टक्का ऐकायला थोडा वाटतो, पण महाराष्ट्राएवढ्या राज्याला लावला तर तो आकडा लाखांत जातो. त्यात बायका पुरुषांच्या दुपटी-तिपटीने असतात.

बायकांचा उल्लेख मी मुद्दाम करतो आहे, कारण आपल्याकडे हा प्रश्न घराच्या वेळापत्रकात अडकलेला आहे. या आजारात शरीर सगळ्यात अवघड स्थितीत असतं ते पहाटे पाच ते आठ, आणि आपल्या घरात बाईच्या वाट्याला सगळ्यात जास्त काम येतं तेही पहाटे पाच ते आठ. नळाला पाणी त्याच वेळी येतं, कणीक त्याच वेळी मळायची असते, मुलांचे आणि नवऱ्याचे डबे त्याच वेळी भरायचे असतात. रात्री दोनला जाग आलेली बाई साडेचारला कुठे जरा डोळा लागतो न लागतो तोच उठते आणि आखडलेल्या बोटांनी हंडा उचलते. तिची सगळ्यात मोलाची झोप, म्हणजे पहाटेचा तो एक सलग तुकडा, घर रोज कापून घेतं. दुपारी ती आडवी झाली तर ‘हिला काय झालंय, दिवसा लोळते’ हेही ऐकावं लागतं. सांध्याची सूज इतरांना दिसते, न झालेली झोप कुणाला दिसत नाही. त्यामुळे तिच्या चिडचिडीला स्वभाव म्हणतात, थकव्याला आळस म्हणतात आणि विसराळूपणाला वय म्हणतात.

वयाचा हवाला तर फारच सोयीचा पडतो. ‘म्हातारपणी झोप कमीच असते’ हे वाक्य घरात आणि दवाखान्यात सारख्याच सहजतेने उच्चारलं जातं. वयाबरोबर झोप हलकी होते हे खरं आहे, पण गुडघा ठणकल्यामुळे रात्रीतून पाच वेळा उठणं हे वयाचं लक्षण नाही. ज्याला उपाय आहे त्याला वय म्हणून सोडून देणं हा म्हाताऱ्या माणसावर अन्याय आहे.

यावर आपल्याकडे पटकन सापडणारा उपाय म्हणजे झोपेची गोळी. शेजारच्या काकूंना लागू पडली म्हणून मागवलेली, जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षं चालू ठेवलेली. अल्प्राझोलामसारख्या गोळीने काही रात्री झोप लागते यात शंका नाही. पण संधिवाताच्या वयस्क रुग्णाला ती विशेष धोक्याची आहे. गुडघे कमजोर, स्टिरॉइडने हाडं ठिसूळ झालेली, त्यात गोळीची गुंगी. रात्री लघवीला उठताना तोल गेला तर खुब्याचं हाड मोडतं. झोपेत श्वास अडकणाऱ्याचा श्वास तिने आणखी मंदावू शकतो. तिची सवय लागते, आणि एकदम बंद केली तर त्रास होतो. म्हणून कुणी ती घेत असेल तर मनानेच बंद करू नये, डॉक्टरांकडून हळूहळू उतरवून घ्यावी. मात्र झोपेचा प्रश्न म्हणजे झोपेची गोळी, हे समीकरण मोडायलाच हवं.

मोडण्यासाठी पर्यायही हाताशी आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये दीर्घकाळच्या निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून गोळीऐवजी सीबीटी-आय ही पद्धत सुचवली. रोज ठरल्या वेळी उठणं, प्रत्यक्ष जेवढी झोप लागते तेवढाच वेळ आधी अंथरुणात काढून मग तो हळूहळू वाढवणं, झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत न पडणं, आणि न झोपण्याच्या धास्तीवर बोलून काम करणं, असा तिचा गाभा आहे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात झिजेचा संधिवात आणि निद्रानाश दोन्ही असलेल्या ३२७ ज्येष्ठ नागरिकांवर तिचा प्रयोग झाला आणि २०२१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. वीस-तीस मिनिटांच्या सहा भेटी, त्याही केवळ फोनवर. वर्षभरानंतरही त्यांची झोप तुलनेच्या गटापेक्षा चांगली होती आणि थकवा कमी होता. वेदनेतला फरक मात्र सुरुवातीला दिसला आणि वर्षाअखेर टिकला नाही. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण झोप सुधारली की संधिवात बरा होईल असं आश्वासन देणं अप्रामाणिक ठरेल. तसं होत नाही. पण वेदना तितकीच राहूनही माणूस रात्री झोपू लागला आणि दिवसा कमी थकू लागला, तर तो फायदा मोजण्याजोगा नाही असं कोण म्हणेल?

ही पद्धत आपल्याकडे जशीच्या तशी उचलून चालणार नाही. झोप येत नसेल तर उठून दुसऱ्या खोलीत जा, हा सल्ला एका खोलीत पाच जण झोपणाऱ्या घरात निरर्थक आहे. जमिनीवर अंथरूण घालणाऱ्या आणि गुडघे न वाकणाऱ्या आजीला तर उठणं हाच रात्रीचा सगळ्यात अवघड प्रसंग असतो. आजार उसळलेला असताना शरीराला विश्रांती लागते, तेव्हा अंथरुणातला वेळ कापणंही योग्य नाही. म्हणून ती संधिवात जाणणाऱ्यांनी, मराठीतून, इथल्या घरांचा विचार करून नव्याने बसवायला हवी. फोन तर आता गावोगावी पोचला आहे. फिजिओथेरपिस्ट, परिचारिका, समुपदेशक यांना हे प्रशिक्षण देणं अशक्य कोटीतलं नाही. वैद्यकीय विद्यापीठांनी आणि संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी ते अंगावर घ्यावं.

तोवर वाट बघत बसायचंही कारण नाही. ‘माझ्याकडे एका रुग्णाला दहा मिनिटं असतात’ ही डॉक्टरांची अडचण खरी आहे, पण तीन प्रश्नांना एक मिनिट लागतं. झोप लागायला त्रास होतो, मध्ये मध्ये मोडते की पहाटे लवकर जाग येते? जाग आणतं काय: कळ, लघवी, पायांची चुळबूळ, गुदमरणं की काळजी? सकाळी उठल्यावर झोप झाल्यासारखं वाटतं का? उत्तरं केसपेपरवर लिहिली की पुढच्या भेटीत तुलना करता येते. औषधांच्या वेळा रात्रीच्या हिशेबाने बसवता येतात. हे काम डॉक्टरांचंच आहे, रुग्णाने स्वतःच्या मनाने वेळा बदलू नयेत.

रुग्णाने आपल्या बाजूने रात्रीची नोंद ठेवावी. साध्या वहीत किती वाजता झोपलो, किती वेळा आणि कशाने उठलो, एवढं दोन आठवडे लिहिलं तरी डॉक्टरांपुढे ठेवायला ठोस काही मिळतं. निजण्याआधी गरम पाण्याचा शेक, सांधे हलके करणारा थोडा व्यायाम, कुशीवर झोपताना दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी, उठता येईल इतक्या उंचीचं अंथरूण, या साध्या गोष्टींचा उपयोग होतो. उताणं झोपून गुडघ्याखाली रोज रात्रभर उशी ठेवायची सवय मात्र लावू नये. आराम वाटतो, पण गुडघा वाकलेलाच राहू लागतो. आणि मुख्य म्हणजे झोपेची तक्रार सांगताना संकोच करू नये, ती तक्रार आजाराचीच आहे.

घराने करायचं काम सगळ्यात सोपं आहे, आणि तेच सगळ्यात कमी होतं. ज्या घरात संधिवाताची बाई आहे त्या घराने सकाळचं पाणी भरणं, कणीक मळणं, डबे भरणं हे दुसऱ्यांच्या हाती द्यावं. ही कामं नवऱ्याला येतात, मुलाला येतात. येत नसतील तर शिकता येतात. पहाटेचा दीड तास तिला सलग मिळणं हा तिच्या उपचाराचा भाग आहे, आणि तो कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळत नाही. गोळ्यांवर महिन्याला हजारो रुपये खर्च करणारं घर हा दीड तास देत नसेल, तर त्या घराने आपल्या काळजीचा पुन्हा विचार करावा.

संधिवात आटोक्यात आला असं जाहीर करण्यासाठी वैद्यकाने निकष ठरवले आहेत: दुखरे सांधे किती, सुजलेले किती, रक्तातली सूज किती, रुग्णाला स्वतःला एकंदर कसं वाटतं. या निकषांसोबत एक साधी ओळ मला प्रत्येक केसपेपरवर हवी आहे: झोप कशी आहे. ती ओळ भरायला यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत. ती रिकामी असेपर्यंत आपण अर्ध्याच आजाराचे उपचार करत आहोत, हे डॉक्टरांनी, घराने आणि रुग्णानेही मान्य करायला हवं. आणि ती ओळ कुणी छापून देईपर्यंत रुग्णाने थांबू नये. पुढच्या तपासणीला खुर्चीवर बसल्या बसल्या, रिपोर्ट पुढे करायच्या आधी, त्याने आपली रात्र सांगावी.